मेथोकार्बामॉल: कुत्रा, मांजर आणि घोड्याच्या आखडलेल्या स्नायूंसाठी

पाठ आखडलेल्या कुत्र्यासाठी चिठ्ठीवर मेथोकार्बामॉल लिहून दिलं की पुढे दोन गोष्टी हमखास घडतात. मेडिकलवाला "साधी नाहीये, ही घ्या, यात पेनकिलर पण आहे" म्हणत दुसरीच पट्टी हातात ठेवतो. आणि दोन-तीन दिवसांनी कुत्रा मोकळा चालायला लागला की घरचे खूश होऊन त्याला गच्चीवर पळायला सोडतात. हे औषध स्वतः तसं सौम्य आहे. दवाखान्यात बिघडून परत येणारी जनावरं बहुधा या दोन गोष्टींमुळे येतात, म्हणून या लेखात गोळीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

मेथोकार्बामॉल माणसांसाठी १९५७ पासून वापरात आहे. अमेरिकेत कुत्रा, मांजर आणि घोडा या तिन्ही प्राण्यांसाठी त्याला रीतसर मान्यता मिळालेली आहे. आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर बहुधा माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारी ५०० किंवा ७५० मिलिग्रॅमची गोळीच लिहून देतात. खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असणारं ग्वायफेनेसिन आणि हे औषध रासायनिकदृष्ट्या अगदी जवळचे. तेच ग्वायफेनेसिन घोड्याला भूल देताना शिरेतून चढवतात, हे सांगितलं की घरात खोकल्याची बाटली असलेले लोक जरा दचकतात.

हे औषध स्नायूवर थेट काम करत नाही. मज्जारज्जू आणि मेंदूच्या खालच्या भागातून स्नायूंना "आवळून धर" असे जे संदेश सारखे जात असतात, ते यामुळे मंदावतात. दुखतं म्हणून स्नायू आवळतो, आवळला म्हणून आणखी दुखतं, हे चक्र तुटतं. मात्र मणक्यांमधली सरकलेली चकती, अंगात गेलेलं विष किंवा धनुर्वाताची जखम जिथल्या तिथेच राहते. औषध मेंदूवरही काम करतं, म्हणून गुंगी येते. ती वेगळी कुठली रिअ‍ॅक्शन नसते, औषधाचाच भाग असते.

आधी हे आखडणंच आहे का, ते बघा

कुत्रा पाठ कमानीसारखी करून चालतो, जिन्याशी येऊन थांबतो, सोफ्यावर चढायला बघतो आणि विचार बदलतो, उचललं की केकाटतो, मान खाली ठेवून फक्त डोळे वर करून तुमच्याकडे बघतो. मान किंवा पाठीचे स्नायू आवळल्याचं हे नेहमीचं चित्र. पण पोट ताठ लागत असेल आणि उलट्याही होत असतील, तर दुखणं पाठीचं नसून पोटातलं, उदाहरणार्थ स्वादुपिंडाच्या सुजेचं असू शकतं. तिथे स्नायू सैल करून काही मिळत नाही.

काही अवस्था वरवर आखडण्यासारख्या दिसतात, पण तिथे या गोळीची वाट बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पिल्लांना पाजणारी कुत्री थरथरतेय, धापा टाकतेय, पाय ताठ करतेय, तर कॅल्शियम उतरलं असण्याची शक्यता मोठी. तिला शिरेतून सावकाश कॅल्शियम लागतं, आणि तेही तासाभरात. मांजराचे मागचे दोन्ही पाय अचानक गेले, ते जोरजोरात ओरडतंय आणि पाय हाताला थंड लागतायत, तर ती पाठ नव्हे. हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ पायाच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. कुत्र्याला शुद्ध हरपून झटका आला, तोंडाला फेस, जागेवरच लघवी, तर ती फिट, आणि मेथोकार्बामॉल हे फिटचं औषध नाही. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या पिल्लाचा एखादा पाय किंवा जबडा झोपेतसुद्धा ठरावीक तालात उडत राहतो. त्यावर ही गोळी लोक आशेने देऊन बघतात, फरक फारसा पडत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय, आणि लसीचा पत्ता नाही, तर "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका, गोळीही भरवू नका. पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावर धावून येतोच असं नाही. मुक्या रेबीजमध्ये तो गप्प पडून असतो. अशा वेळी त्याला दूर ठेवून डॉक्टरांना बोलवायचं. लाळ हाताच्या जखमेला लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

मेडिकलच्या काउंटरवर

पट्टी हातात आली की मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा. तिथे मेथोकार्बामॉल हे एकच नाव हवं. आपल्याकडे माणसांच्या पाठदुखीसाठी बहुतेक रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करणारी औषधं, वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत येतात, आणि धोका तिथेच आहे.

पॅरासिटामॉल मांजराला मारतं. कुत्र्याला ज्या मात्रेत ते एखादवेळी खपून जाईल, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मांजराचं रक्त प्राणवायू वाहून नेण्याचं काम सोडून देतं, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला झेपत नाहीत. डायक्लोफेनॅकची गोष्ट तर आपल्याकडे आणखी पुढे जाते. ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं संपत गेली, म्हणून जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, आणि २०२३ मध्ये अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही. त्यामुळे "जनावराला चालतं, आम्ही नेहमी देतो" असं कुणी सांगत असेल तर ते कायद्यातही बसत नाही.

दुसरी फसगत रिलॅक्संट बदलण्याची. "मेथोकार्बामॉल नाहीये, त्याच कामाची दुसरी देतो" म्हणून बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन पुढे येतं. बॅक्लोफेन कुत्र्या-मांजरांना थोडक्या मात्रेतसुद्धा घातक ठरतं. श्वास मंदावतो, प्राणी बेशुद्ध पडतो, कधी फिट येतात. टिझानिडिनने रक्तदाब आणि नाडी खाली येते. माणसासाठी ही एकाच फडताळातली औषधं, कुत्र्यासाठी नाहीत. गोळी मिळाली नाही तर दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. एक-दोन दिवस नुसती विश्रांती आणि त्यांनी दिलेलं वेदनाशामक यावर बहुतेक कुत्र्यांचं भागतं.

मात्रेचा हिशेब

हा भाग स्वतः मात्रा ठरवण्यासाठी नाही. चिठ्ठीवरचा आकडा वाचून "इथे शून्य जास्त पडलं का" एवढं कळावं म्हणून आहे.

आधी वजन. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. मांजराला पिशवीत किंवा टोपलीत घालून. अंदाजाने सांगितलेलं वजन जवळजवळ नेहमी चुकतं. लाडाच्या लॅब्रॅडॉरचं कमी सांगितलं जातं.

कुत्र्याला तोंडावाटे बहुधा दर वेळी किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, असं देतात. दुखणं जोरात असेल तर पहिल्या दिवशी यापेक्षा बरंच जास्त देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त मात्रेप्रमाणे पहिल्या दिवशी किलोमागे एकूण १३२ मिलिग्रॅमपर्यंत, दोन-तीन भागांत विभागून, आणि पुढे दिवसाला साधारण ६० ते १३०. म्हणजे पल्ला रुंद आहे, आणि दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या तरी दोघेही बरोबर असू शकतात.

उदाहरण घेऊ. ३० किलोचा लॅब्रॅडॉर, किलोमागे २०, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. एवढ्या ताकदीची गोळी नसल्यामुळे डॉक्टर ५०० ची एक लिहितात, किंवा दुखणं जास्त असेल तर ७५० ची. १० किलोच्या बीगलला २०० मिलिग्रॅम येतात, त्याला ५०० ची अर्धी, म्हणजे २५० मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला हिशेबाने ८० मिलिग्रॅम, आणि ५०० च्या गोळीचा पाव भाग १२५ चा. ते मर्यादेच्या बाहेर नाही, पण मांजर जास्त झोपेल. सुरीने केलेले चार पाव सारखे होत नाहीत. गोळ्या कापायचा डबा मिळतो, तो घ्या, आणि मोठा वाटणारा तुकडा मांजराला देऊ नका.

आठ तासांचं अंतर पाळायचं तर सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा हे बहुतेक घरांना जमतं. दुपारी घरी कुणी नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. दिवसातून दोनदाचा हिशेब बसवून देता येतो. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत.

गोळी रिकाम्या पोटी दिली तर काही कुत्रे ओकतात, म्हणून थोड्या दहीभातात किंवा उकडलेल्या अंड्यात लपवून द्यावी. गोळी तोंडात चघळली गेली की बरीच लाळ गळते. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, चव आवडलेली नसते. मांजराला गोळी दिल्यावर दोन-तीन मिली पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू पाजा, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे जखम करते.

कुणाला देताना थांबायचं

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी या गोष्टी आपणहून सांगा. कुत्र्याला फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू आहे का. ट्रामाडॉल, गॅबापेंटिन किंवा दुसरं झोप आणणारं औषध चालू आहे का. यांच्याबरोबर मेथोकार्बामॉल देता येतं, पण गुंगी एकावर एक चढते आणि मात्रा त्याप्रमाणे कमी करावी लागते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाच्या स्नायूदुर्बलतेच्या आजारात पायरिडोस्टिग्मिन चालू असेल, तर हे औषध त्याच्या आड येतं.

गाभण आणि पाजणाऱ्या मादीत याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर इंजेक्शन टाळतात, कारण त्यातला द्रावक, पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आधीच आजारी असलेल्या मूत्रपिंडावर ताण टाकतो. गोळीत तो प्रश्न नाही. आणि गाय, म्हैस, शेळी, म्हणजे ज्यांचं दूध किंवा मांस माणसाच्या पोटात जाणार, त्यांच्यासाठी हे औषध नाही. घोड्याची उरलेली गोळी लंगडणाऱ्या शेळीला, असले प्रयोग नकोत.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दिवसात प्राणी जास्त झोपेल, उठताना डोलेल, लाळ गळेल, क्वचित उलटी होईल. एवढं अपेक्षित आहे. हाक मारल्यावर डोळे उघडून शेपटी हलवतो, उठून पाण्यापर्यंत जातो, तर ठीक. हाक मारूनही उठत नाही, आडवा केला तर सरळ होत नाही, अंग थंड लागतं किंवा श्वास संथ झालाय, तर मात्रा जास्त झालीय. पुढची गोळी थांबवा, त्याला गरम कापडात गुंडाळा आणि दवाखान्यात न्या. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. गुंगीतल्या प्राण्याच्या फुफ्फुसात ते जातं आणि दुसरंच संकट ओढवतं.

पाच दिवसांत काहीच फरक नसेल तर औषध बंद करून निदान पुन्हा तपासायचं असतं. मात्रा वाढवत जायची नसते. आणि गुण आला की ते एकदम थांबवलं तरी चालतं, हळूहळू उतरवण्याची गरज नसते.

बरं वाटलेल्या कुत्र्याला बसवून ठेवणं

आता मुख्य मुद्दा. डॅशहुंड, बीगल, शिह त्झू, कॉकर स्पॅनिअल या जातींमध्ये मणक्यांमधली चकती लवकर वाळते आणि मज्जारज्जूवर सरकते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये याच जाती जास्त, आणि फ्लॅटमध्ये फरशी गुळगुळीत, सोफा उंच आणि बाल्कनीतून दिसणाऱ्या प्रत्येक स्विगीवाल्याकडे उडी. चकती सरकली की पाठीचे स्नायू आवळून त्या जागेला जखडून ठेवतात. ते दुखतं, पण शरीराने आपणहून केलेला तो बंदोबस्त असतो. मेथोकार्बामॉल आणि वेदनाशामक मिळून तो बंदोबस्त उठवतात. कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. आतली चकती मात्र होती तिथेच असते, आणि अशा वेळी मारलेली एक उडी तिला पूर्ण बाहेर ढकलू शकते.

म्हणून सक्तीची विश्रांती हाच इलाज आहे, आणि गोळी ती विश्रांती सुसह्य करण्यासाठी. चार ते सहा आठवडे. आठवड्याने बरा दिसला तरी चार ते सहा आठवडेच. बाहेरचा दाह निवला तरी चकतीभोवतीचं आवरण भरून यायला तेवढा काळ लागतो.

जागा कशी करायची? कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढी, पळता किंवा उडी मारता येणार नाही एवढी. तयार पिंजरा नसेल तर खोलीचा कोपरा, दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना लहान मुलांचं पाळणाघरातलं कुंपण किंवा आडवी केलेली टेबलं. कुंपण त्याच्या उडीपेक्षा उंच हवं. खाली घट्ट सतरंजी किंवा योगा मॅट. मऊ गादी दिसायला प्रेमळ असते, पण तिच्यावरून उठताना पाठ वळते. पाणी आणि जेवण तिथेच. कोपरा घरातल्या लोकांच्या नजरेत असावा. एकट्या खोलीत ठेवलेला कुत्रा रडून, पंजे मारून स्वतःला दुखवून घेतो. हॉलमध्ये टीव्हीजवळ ठेवलेला निवांत झोपतो.

शी-शूला दिवसातून चार-पाच वेळा, उचलून न्यायचं आणि उचलून आणायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागे, आणि पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून, मागचे पाय लोंबकळत ठेवून कधीच नाही. बाहेर गेल्यावर गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, मानेचं दुखणं असेल तर हे सक्तीचंच. मागचे पाय डळमळत असतील तर जुन्या टॉवेलची झोळी पोटाखालून घेऊन आधार द्या. पाच मिनिटांत परत. इमारतीतल्या इतर कुत्र्यांशी भेटीगाठी बंद.

यातला सगळ्यात अवघड भाग घरातली माणसं असतात. मुलं दार उघडतात, आजी म्हणते "किती दिवस कोंडणार बिचाऱ्याला", आणि कुणीतरी रात्री हळूच त्याला पलंगावर घेतं. मी आता औषधाची चिठ्ठी देताना घरातल्या सगळ्यांना एकदम बोलवायला सांगतो आणि पलंगाचा विषय स्वतःच काढतो.

दवाखान्यात ताबडतोब परत यायची खूण कोणती? मागचे पाय ओढत चालणं, पंजा उलटा पडून पुढे रेटणं, बारा तास लघवी न होणं. आणि त्याहून गंभीर म्हणजे मागच्या पंजाची बोटं जोरात चिमटली तरी कुत्र्याने मान वळवून बघितलं नाही, ओरडला नाही. पाय मागे ओढणं पुरेसं नाही, ते नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेनेही होतं. खोल वेदनेची जाणीव गेलेल्या कुत्र्यात शस्त्रक्रियेचा निर्णय तासांमध्ये घ्यावा लागतो. तिथे गोळी वाढवून उद्या सकाळची वाट बघू नये.

मांजर, आणि कुत्र्याचं गोचिडीचं औषध

मांजरांची पाठ कुत्र्यांइतकी आखडत नाही. मांजराच्या डॉक्टरला मेथोकार्बामॉल आठवतं ते बहुतेक वेळा एकाच कारणासाठी: कुत्र्यासाठीचं गोचिडीचं औषध कुणीतरी मांजराच्या मानेवर घातलेलं असतं. अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत ते सहज निपटतं. मांजराच्या यकृताला ती रासायनिक वाट जवळजवळ नाही. काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनीही, कान फडफडायला लागतात, कातडी थरथरते, मग सगळं अंग थडथडतं, ताप चढतो आणि शेवटी फिट येते.

पहिलं काम, त्याला लगेच धुवा. भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी, दोन-तीनदा. गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढून औषध आणखी आत जातं, थंड पाण्याने कुडकुडून थरथर वाढते. नीट पुसून कोरडं करा आणि निघा. उरलेल्या औषधाचं खोकं बरोबर न्या, त्यावरचं नाव डॉक्टरांचा वेळ वाचवतं. तिथे मेथोकार्बामॉल शिरेतून, थरथर थांबेपर्यंत सावकाश देतात. अशा प्रसंगी किलोमागे ५५ ते २२० मिलिग्रॅम लागू शकतात, दिवसाची कमाल ३३०. कंप दोन-तीन दिवस टिकू शकतो आणि औषध परत परत द्यावं लागतं, म्हणून "बरं वाटतंय, घरी नेतो" असं म्हणायची घाई नको. वेळेत पोचलेली मांजरं बहुतेक वाचतात. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवायचं. मांजर कुत्र्याच्या अंगाला अंग लावून झोपतं, त्याला चाटतं, तेवढंही पुरतं.

अशीच थरथर कुत्र्यात बुरशी आलेलं खाण्यानेही येते. पावसाळ्यात कचराकुंडीत पडलेला हिरवट पाव, बुरशी धरलेले अक्रोड, नासलेलं चीज. यातल्या काही बुरशींचं विष थेट मज्जासंस्थेवर जातं. तिथेही मेथोकार्बामॉल हाच आधार. कोकणातल्या वाचकांना काजरा माहीत असेलच. त्याच्या बियांमधलं स्ट्रिक्निन पोटात गेलं की कुत्रा कडक होतो, नुसत्या टाळीच्या आवाजानेही आचके देतो. त्याला अंधाऱ्या, शांत जागेत, गाडीत हॉर्न न वाजवता न्यायचं. तूप, दूध, चिंचेचं पाणी यातलं काही पाजायचं नाही. शेतातल्या फवारणीच्या औषधाची बाधा असेल तर चित्र वेगळं: डोळ्याची बाहुली बारीक, लाळ, जुलाब, आणि थरथर. त्यावर अ‍ॅट्रोपिन लागतं, तिथे रिलॅक्संटने वेळ वाया जातो. शक्य असेल तर फवारणीच्या बाटलीचा फोटो काढून न्या. खेड्यात डॉक्टर जवळ नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

घोडा

घोड्यात हे औषध दोन प्रसंगी कामाला येतं. पहिला प्रसंग सुट्टीनंतरचा. दोन-तीन दिवस तबेल्यात उभा राहिलेला घोडा, चंदी (दाण्याचा खुराक) मात्र रोजच्यासारखी तोबरा भरून, आणि मग अचानक वरातीचं किंवा पर्यटकांचं दिवसभराचं काम. थोडं अंतर गेल्यावर तो घामाने निथळतो, पावलं आखूड टाकतो, पुढे जायला नकार देतो, आणि पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवला तर स्नायू दगड झालेले. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला वाटतं पोटशूळ, आणि तो त्याला फिरवायला लागतो. इथे नेमकं हेच करायचं नसतं. फाटत असलेल्या स्नायूंना चालवलं की आणखी फाटतात.

घोडा आहे तिथेच थांबवा. खोगीर उतरवा, ऊन असेल तर सावली करा, वारा गार असेल तर पाठीवर घोंगडी टाका, पाणी पाजा आणि डॉक्टरांना तिथेच बोलवा. लघवी बघा. चहासारखी तांबडी-काळी असेल तर फुटलेल्या स्नायूंमधलं रंगद्रव्य त्यातून जातंय आणि ते मूत्रपिंडाला चोंदवतं. अशा वेळी आधी सलाइन, मग बाकीचं. मेथोकार्बामॉलमुळेही लघवी गडद होऊ शकते, म्हणून औषध द्यायच्या आधीचा रंग डॉक्टरांना सांगितलात, शक्यतो बाटलीत धरून दाखवलात, तर पुढचा गोंधळ टळतो.

शिरेतून किलोमागे साधारण ४.४ ते २२ मिलिग्रॅम देतात. ३५० किलोच्या घोड्याला किलोमागे २० दिलं तर ७,००० मिलिग्रॅम होतात, आणि इंजेक्शन १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं असलं तर ७० मिली. छोट्या दवाखान्यात एवढा साठा नसतो, म्हणून फोनवरच वजन सांगा, डॉक्टर वाटेत मेडिकल गाठतील. हे इंजेक्शन मालकाने द्यायचं नाही. मानेत शिरेच्या मागेच धमनी असते, सुई तिच्यात गेली तर घोडा जागेवर कोसळतो. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी आणि ऊती खराब होतात, भरभर दिलं तर घोडा लटपटतो. नंतर तोंडावाटे चालू ठेवायचं झालं तर दिवसाला किलोमागे ४० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे त्याच घोड्याला ५०० च्या अठ्ठावीस गोळ्या तरी. त्या कुटून, गुळाच्या पाण्यात कालवून मोठ्या सिरिंजने गालात सोडायच्या.

दुसरा प्रसंग धनुर्वाताचा. पाळीव जनावरांमध्ये घोडा त्याला सगळ्यात लवकर बळी पडतो. खुरात घुसलेला खिळा, नाल ठोकताना झालेली जखम, आणि काही दिवसांनी कान ताठ, शेपटी उचललेली, चारी पाय पसरून उभा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी अर्ध्या डोळ्यावर येते. हनुवटीखाली हलकी थाप मारली की ती पापणी झपकन पुढे येते, हे तबेल्यात उभं राहूनही कळतं. इथे मात्रा किलोमागे २२ ते ५५ पर्यंत जाते, आणि ती प्रतिविष, पेनिसिलिन आणि जखम उघडून साफ करणं यांच्या जोडीला. तबेला अंधारा करा, कानात कापूस घाला, खाली भरपूर पेंढा टाका, चारा-पाणी छातीच्या उंचीवर ठेवा, कारण मान खाली नेता येत नाही. एवढं करूनही बरेच घोडे जातात. लस मात्र स्वस्त आहे: चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग वर्षाला एक. माथेरानला किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना वय आणि चाल सगळे बघतात, लसीची नोंद मागणारे कमी.

शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणारा घोडा असेल तर औषध सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना तारीख सांगा. उत्तेजक चाचणीत मेथोकार्बामॉल धरलं जातं. शरीरातून ते लवकर निघून जातं, पण किती दिवस आधी थांबवायचं हे त्या स्पर्धेच्या नियमांवर ठरतं. आखडून गेलेल्या घोड्याला कामाला कधी लावायचं, तेही चालीवरून ठरवू नका. रक्तातलं सीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम खाली आलं की डॉक्टर सांगतील. तोवर चंदी निम्म्यावर, सुका चारा पोटभर, आणि पुढे प्रत्येक सुट्टीच्या दिवशीही चंदी कमी.